पाझर तलाव कुणासाठी पाझरला?

१९७२च्या दुष्काळाचा इतिहास सांगणारे सुकडी, मिलो ज्वारी आणि रोजगार हमी एवढ्यावर थांबतात. वि. स. पागे यांचे नाव आदराने घेतले जाते, घ्यायलाच हवे. पण त्या काळात पाण्याचे नियोजन झाले ते कुणाच्या पाण्याचे, असे आम्ही विचारले की ऐकावे लागते, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता." आम्ही आणत नाही. ती विहिरीच्या काठावर आधीपासून बसलेली होती.

तारखा बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे कागदावर खुले केले. प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७. त्यानंतर ३५ वर्षांनी, पावसाने दोन वर्षे दगा दिलेला असताना, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून आमच्या बायांची विटंबना झाली. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली आणि राजा ढाले यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. दुष्काळाच्या इतिहासात मात्र हे पान सापडत नाही.

आता कामांकडे वळू. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, खडी फोडणे, नालाबांध आणि पाझर तलाव. पाझर तलावातून पाट निघत नाही. अडवलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना फुटते. म्हणजे तलाव सरकारी, माती वाहणारी डोकी भूमिहीनांची, आणि पाणी ज्याची विहीर त्याचे! ज्याला ना जमीन ना विहीर, त्याच्या वाट्याला मजुरीचे पैसे आले आणि काम संपले. यात कुणी कट केला असे आमचे म्हणणे नाही. जमिनीची वाटणी जशी होती तशीच पाण्याची वाटणी आपोआप झाली, आणि 'आपोआप' हाच जातिव्यवस्थेचा सर्वात जुना कारभारी आहे.

दुसरी वाट नव्हती काय? होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना प्रांतांच्या सीमा ओलांडून अख्खे खोरे एक मानून आखली गेली ती त्यांच्या कारकिर्दीत. पाणी ही जनतेची संपत्ती आहे, निसर्गाच्या नावाने रडण्यापेक्षा ते साठवा, हे त्यांनी १९४५ साली कटकच्या परिषदेत मांडले. जनतेची, जमीनमालकाची नव्हे.

महाराष्ट्रात हे करून दाखवले विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकाने. ७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू झाली. नियम साधे. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा! साळुंखे आंबेडकरी चळवळीतले नव्हते. म्हणूनच आम्ही हे उदाहरण मुद्दाम देतो, कारण ही मागणी फक्त आमच्या जिव्हाळ्याची म्हणून बाजूला सारता येणार नाही. सरकारने कौतुक केले, पण भूमिहीनाचा वाटा हे राज्याचे धोरण झाले नाही.

पुढे १९९३ साली कायदा आला : सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर घ्यायची नाही. त्या अंतराच्या आतबाहेर किती बोअर पडले ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. गाडीचे फोटो देशभर छापून आले.

आजही दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयात टंचाई आराखडा बनतो. त्यात टँकर, नवीन विंधन विहिरी, खाजगी विहिरींचे अधिग्रहण. आमची मागणी या शेवटच्या कलमापुरती आहे. अधिग्रहित विहीर कुणाच्या वावरात आहे, बौद्धवाड्यापासून किती लांब आहे, आणि तिथे आमची बाई कळशी घेऊन गेली तर तिला कुणी अडवते काय, हे तलाठ्याने पाहून आराखड्यात लिहावे, आणि ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.