कागद, कथन आणि ध्वनिमुद्रिका : मुंबईतील जॅझ-वादकांच्या इतिहासाची साधने

मराठी इतिहास-संशोधनात साधनांच्या श्रेणीचा प्रश्न जुना आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून समकालीन अस्सल पत्र श्रेष्ठ आणि मागाहून स्मृतीच्या आधारे रचलेली बखर दुय्यम, हा दंडक येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडला आहे. राजकीय इतिहासापुरता तो योग्यच होय. परंतु एखाद्या क्षेत्रात कागद अस्सल असूनही ज्याने काम केले त्याच्याविषयीच तो मौन पाळीत असेल, तर तेथे हा दंडक कसा लावावयाचा? विसाव्या शतकातील मुंबईच्या जॅझ-वादकांचा इतिहास हे अशा क्षेत्राचे एक ठळक उदाहरण आहे. या वादकांनी आपल्या व्यवसायाविषयी वेळोवेळी सांगितलेल्या हकीकती, म्हणजे त्यांच्याशी झालेली संभाषणे, साधन म्हणून कितपत ग्राह्य आहेत, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१

जॅझच्या इतिहासलेखनात संभाषणाला प्रथमपासूनच मोठे स्थान आहे. हे संगीत बव्हंशी तत्स्फूर्त असल्याने त्याची लिखित स्वरलिपी पुष्कळदा अस्तित्वातच नसते. ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच्या काळाविषयी वादकाच्या स्मृतीवाचून दुसरा आधार फारसा सापडत नाही. १९३८ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयात ॲलन लोमॅक्स यांनी जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाचे कथन ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. मॉर्टन पियानोपुढे बसून बोलत. जुन्या न्यू ऑर्लिन्समधील वादनाची एखादी लकब शब्दांनी सांगता आली नाही, तर ते ती वाजवून दाखवीत. पुढे १९५८ मध्ये त्याच शहरातील ट्युलेन विद्यापीठात वृद्ध वादकांच्या मुलाखतींचा पद्धतशीर संग्रह सुरू झाला.

मॉर्टन यांचे उदाहरण दोन्ही अंगांनी बोधप्रद आहे. जॅझ आपणच १९०२ मध्ये निर्माण केले, असे ते जाहीरपणे म्हणत. आपले जन्मवर्षही ते १८८५ असे सांगत. पुढे मिळालेल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून ते १८९० ठरते. म्हणजे ज्या वर्षी आपण जॅझला जन्म दिला असे ते सांगत, त्या वर्षी ते सुमारे बारा वर्षांचे होते. एवढ्यावरून त्यांचे सारे कथन त्याज्य ठरत नाही. वादनाच्या पद्धती, निरनिराळ्या वादकांच्या शैली, कमाईची साधने यांविषयी त्यांनी दिलेली माहिती अन्यत्र मिळत नाही. तात्पर्य, कथनकर्ता स्वतःच्या अग्रपूजेविषयी बोलतो तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहावे आणि आपल्या कामाच्या रीतीविषयी बोलतो तेव्हा लक्षपूर्वक ऐकावे. मुंबईतील साधनांची परीक्षा करतानाही हा विवेक उपयोगी पडतो.

२

मुंबईत पाश्चात्य नृत्यसंगीत वाजविणारे वाद्यवृंद १९२० नंतरच्या दशकातही होते. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचा येथील वादकांशी प्रत्यक्ष संबंध आला तो १९३५ पासून. त्या वर्षाच्या हिवाळ्यात व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड यांनीही येथे वाद्यवृंद चालविले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेले आणि १९४५ मध्ये तेथेच पटकीने मरण पावले. या मंडळींनी आपल्या वृंदांत स्थानिक वादक घेतले. त्यांत गोमंतकीय वादकांचा भरणा होता.

हे वादक तयार होण्याचे कारण गोव्याच्या सामाजिक इतिहासात आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चशी संलग्न असलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिनवादन शिकविण्यात येई. त्यामुळे खेड्यातील सामान्य कुटुंबातील मुलासही कागदावरील पाश्चात्य स्वरलिपी वाचता येत असे. ही विद्या पाठीशी बांधून असंख्य तरुण उपजीविकेसाठी मुंबईस येत आणि धोबी तलाव परिसरातील आपापल्या गावांच्या 'कूडां'मध्ये उतरत. आल्दोना येथे १९१६ साली जन्मलेले आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट' या नावाने विख्यात झालेले ट्रंपेटवादक, कुडचडे येथील फ्रँक फर्नांड, १९३९ पासून दोन दशके ताजमध्ये वाद्यवृंद चालविणारे मिकी कोरिया, ही या परंपरेतील ठळक नावे होत. रूडी कॉटन हे नाव धारण करणारे कावसजी खटाऊ हे पारशी होते. यावरून हा व्यवसाय एकाच समाजापुरता मर्यादित नव्हता, हे दिसून येईल.

फाळणी आणि स्वातंत्र्य यांनी या व्यवसायाची घडी बदलली. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात वाद्यवृंद चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक मुंबईस परतले. हॉटेलांचा पूर्वीचा युरोपीय आश्रय आटला आणि १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. याच सुमारास हिंदी चित्रपटातील वाद्यवृंद मात्र झपाट्याने विस्तारत होता. परिणामतः दिवसा चित्रपटाचे ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेलातील जॅझ, असा दुहेरी जीवनक्रम अनेक वादकांच्या वाट्याला आला.

३

येथेच कागदाच्या मौनाचा प्रश्न उपस्थित होतो. चित्रपटगीताच्या ध्वनिमुद्रिकेवर चित्रपटाचे, गायकाचे आणि संगीत-दिग्दर्शकाचे नाव छापलेले असे. वाद्यवृंदाची रचना करणारा आणि वाद्ये वाजविणारे यांची नावे तेथे सहसा नसत. हे कागद समकालीन आहेत, अस्सल आहेत, त्यांतील माहिती बहुधा बिनचूकही आहे. तथापि त्यांवरून गीत कसे घडले याची कल्पना येत नाही.

ती कल्पना येते वादकांच्या कथनांवरून. न्यूझीलंडमधील संगीताभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईतील चित्रपट-वादकांच्या दीर्घ मुलाखती घेऊन २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांचा 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा मुंबईच्या जॅझयुगावरील ग्रंथ २०१२ मधील असून त्याचाही मोठा आधार वृद्ध वादकांच्या आठवणी हाच आहे. या कथनांतून कामाची जी रीत दिसते, ती साधारणतः अशी. संगीत-दिग्दर्शक हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवी. गोमंतकीय साहाय्यक ती पाश्चात्य स्वरलिपीत उतरवून घेई, चालीखाली स्वरमेळ बसवी, दोन ओळींमधील मोकळ्या जागेत वाद्यांची योजना करी, गायकाच्या स्वराशी समांतर वा विरोधी जाणारी दुसरी स्वरावली व्हायोलिनांना देई आणि प्रत्येक वादकाच्या पुढ्यात त्याचा त्याचा कागद ठेवी. भारतीय रागसंगीतात स्वर एकामागून एक येतात. एकाच क्षणी अनेक स्वर परस्परांशी कसे नांदतील, हा विचार त्यात अभिप्रेत नसतो. तो विचार पुरविणे हे या साहाय्यकाचे काम होते. डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी केलेले काम याच प्रकारचे होय.

सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांचे उदाहरण मराठी अभ्यासकास विशेष जवळचे वाटेल. पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर यांनी 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांत पाश्चात्य नृत्यलयींचा जो वापर केला, तो हिंदी चित्रसंगीतात एक नवे वळण मानला जातो. 'अलबेला'चे संगीत-दिग्दर्शक म्हणून नाव रामचंद्र यांचे आहे आणि ते यथार्थ आहे. परंतु त्याच चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. जे कागद सांगत नाही, ते येथे चित्रच सांगते. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, १९५१ याच वर्षीच्या 'नादान' या चित्रपटाचे संगीत चिक चॉकलेट यांच्या स्वतःच्या नावावर आहे. एकाच वर्षी एकच कलावंत एका चित्रपटात संगीतकार म्हणून नामनिर्दिष्ट आणि दुसऱ्यात पडद्यावर दिसूनही पार्श्वभूमीत! नावाची ही उपस्थिती-अनुपस्थिती कलावंताच्या योग्यतेवरून ठरत नव्हती. व्यवसायाच्या संकेतावरून ती ठरत होती, हे यावरून उघड होते.

४

असे असले, तरी कथनांचा स्वीकार डोळे मिटून करावयाचा नाही. त्यांत तीन प्रकारचे दोष संभवतात. पहिला दोष कालक्रमाचा. चाळीस-पन्नास वर्षांनंतर सांगणाऱ्याच्या मनात घटना शिल्लक राहते, वर्ष पुसट होते. दुसरा दोष श्रेयाचा. दीर्घकाळ अनामिक राहिलेल्या माणसास संधी मिळताच तो आपला वाटा वाढवून सांगण्याचा संभव असतो. तिसरा दोष प्रश्नकर्त्याचा. संभाषण दोघांचे असते आणि प्रश्न ज्या दिशेने जातात, त्या दिशेनेच उत्तरे वळतात.

पहिल्या दोषाची परीक्षा पुष्कळदा शक्य असते. आपण १९४६ मध्ये मसुरीस असताना तेथे गांधीजींच्या विचारांचा आपल्यावर परिणाम झाला आणि जॅझ भारतीय पद्धतीने वाजविण्याची आकांक्षा आपल्या मनात उत्पन्न झाली, अशा आशयाची आठवण फ्रँक फर्नांड यांनी उतारवयात सांगितली होती. गांधीजी १९४६ च्या उन्हाळ्यात मसुरीस मुक्कामाला होते, ही गोष्ट स्वतंत्र साधनांवरून सिद्ध आहे. म्हणजे कथनाची चौकट टिकते. मनात आकांक्षा केव्हा उपजली, हे मात्र कोणताही कागद सांगू शकणार नाही. तेथे पुढील आचरणाचा पुरावा पाहावा लागतो. फर्नांड यांनी चित्रपट-वाद्यवृंदांत दीर्घकाळ काम केले आणि १९६० नंतरच्या दशकात 'आमचें नशीब' व 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. आपल्या भूमीच्या संगीताकडे वळण्याची त्यांची वृत्ती या कृतींतून दिसते.

दुसऱ्या दोषाबाबत न्यायबुद्धी अधिक लागते. वाद्यवृंद रचणाऱ्याचे श्रेय शोधता शोधता चालीचे श्रेयही त्याच्याच पदरात टाकण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो टाळला पाहिजे. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने होत नाही. सी. रामचंद्र यांचे 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मकथन उपलब्ध आहे. वादकांच्या आठवणी आणि संगीत-दिग्दर्शकाचे आत्मकथन यांची समोरासमोर तुलना करणे, आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकणे, हाच मार्ग श्रेयस्कर होय.

५

जॅझच्या जगात वादकाशी होणारे संभाषण बहुधा त्याच्या नव्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने होते. ध्वनिमुद्रिकेवर त्याचे नाव असते, सहवादकांची नावे असतात, आणि चर्चा तेथून सुरू होते. मुंबईच्या वादकाशी बोलताना हा आरंभबिंदूच बहुधा नसे. १९५८ मध्ये अमेरिकी शासनाच्या वतीने डेव्ह ब्रूबेक भारतात येऊन गेले आणि त्या प्रवासाच्या आठवणींतून त्यांची 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ यूरेशिया' ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन येऊन गेले. त्या दौऱ्याचे फलित 'फार ईस्ट सूट' १९६७ मध्ये बाहेर आले. काही आठवड्यांच्या पाहुण्यास आपल्या दौऱ्यावर एक ध्वनिमुद्रिका सुचली आणि ती त्याच्या नावाने निघाली. येथील वादकाने मात्र सारे आयुष्य सहस्रावधी ध्वनिमुद्रणांत घालवूनही त्याच्या नावाची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही, असे अनेकांच्या बाबतीत घडले.

याला अपवाद आहेत. मुंबईस १९३६ मध्ये जन्मलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेले आणि १९६९ या एकाच वर्षी त्यांच्या 'इंटिग्रेशन' आणि, जो हॅरियट यांच्यासह केलेली, 'हम दोनो' अशा दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांवर साथीदारांचीही नावे नोंदलेली आहेत. मुंबईत ब्राझ गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाची 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका १९७० ची आहे. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाल्यावर येथील वादकांस स्वतःच्या नावाने श्रोत्यांपुढे येण्याची संधी वाढली. परंतु तोवर चिक चॉकलेट यांच्या निधनास अकरा वर्षे लोटली होती.

नाव मिळाले तरी ते कसे मिळते, याचे एक विलक्षण उदाहरण अँथनी गोन्साल्विस यांचे. माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेल्या या व्हायोलिनवादकाने १९५८ मध्ये मुंबईत राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या स्वतःच्या रचना सादर केल्या. ते जॅझ-वादक नव्हते, परंतु त्याच गोमंतकीय परंपरेतील होते. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील पात्रास गुरूचे नाव मिळाले आणि ते घरोघरी पोहोचले. नाव सर्वांस ठाऊक, पण त्या नावाचा माणूस आणि त्याच्या रचना अज्ञात, अशी ही स्थिती. २०१२ मध्ये ते निवर्तले.

६

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. जेथे कागद व्यवसायाच्या संकेताने बांधलेला आहे, तेथे त्याचे मौन हा अभावाचा पुरावा मानता येत नाही. कथन हे कागदाच्या खालच्या पायरीवरचे साधन नसून वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देणारे साधन आहे. कोणी, केव्हा, कोणत्या नावाने, हे कागदास विचारावे. काम कसे झाले, हे कथनास विचारावे. आणि दोघांची साक्ष ध्वनिमुद्रिकेवर पडताळून पाहावी.

मुंबईच्या त्या पिढीतील बहुतेक वादक आता हयात नाहीत. या पद्धतीचा उपयोग महाराष्ट्रात अन्यत्र करण्यास मात्र अद्याप अवसर आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाल्यावर रात्ररात्र संगीतप्रधान नाटके होतात. सडक अर्जुनीसारख्या तालुक्यांतील गावोगावी त्यांना प्रेक्षक लाभतो. तेथील ऑर्गन-तबल्याच्या साथीदारांचे ज्ञानही प्रामुख्याने हातात आणि कानात साठविलेले आहे. त्यांच्यापुढे बसून, त्यांना बोलते करून आणि वाजवावयास लावून केलेली नोंद ही उद्याच्या इतिहासकाराची अस्सल साधनसामग्री ठरेल. मुंबईच्या जॅझ-वादकांपर्यंत अभ्यासक पोहोचले तेव्हा चिक चॉकलेट यांच्यासारखे अनेक जण आधीच निघून गेले होते. पूर्व विदर्भात तरी तो विलंब घडू नये.