बेकरीतल्या शोधकाचं कूळ

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक ईडन नावाचं एक गाव आहे, पण ते फक्त पुस्तकात. तिथं हॅना स्वेन्सन नावाच्या तरुणीची ‘द कुकी जार’ ही बेकरी आहे. एका सकाळी बेकरीच्या मागच्या गल्लीत डेअरीची गाडी उभी दिसते आणि गाडीत, घरोघर दूध पोचवणारा रॉन लसाल गोळी लागून मेलेला. आजूबाजूला हॅनाच्याच हातची बिस्किटं विखुरलेली. तपास असतो तिच्या बहिणीच्या नवऱ्याकडं, तो पोलिसात आहे. पण वर्दीसमोर गप्प बसणारी माणसं बेकरीच्या गल्ल्यापाशी सहज बोलतात हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो मेव्हणीची मदत मागतो. जोअॅन फ्लूक यांची ही ‘चॉकलेट चिप कुकी मर्डर’ कादंबरी २००० साली आली आणि तिच्या मागोमाग हॅनाच्या कादंबऱ्यांची रांग लागली. २०१५ पासून तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपटही निघाले.

या प्रकाराला इंग्रजीत ‘कोझी’ म्हणतात. खून होतो, पण वाचकाच्या डोळ्यांआड. गाव लहान असतं. शोध घेणारा पगारी नसतो, त्याचं पोट दुसऱ्याच धंद्यावर चालतं. गुन्हेगार सापडला की गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. आणि कित्येकांत मधूनमधून पाककृती असतात, अगदी लोणी किती आणि मैदा किती इथपर्यंत.

पाककृतीची शाखा तशी जुनी आहे. रेक्स स्टाउट यांनी १९३८ मध्ये ‘टू मेनी कुक्स’च्या शेवटी त्या छापल्या होत्या. १९८२ मध्ये व्हर्जिनिया रिच यांनी स्वयंपाकाच्या वर्गातच खून घडवले आणि १९९० मध्ये डायन मॉट डेव्हिडसन यांनी जेवणाची कंत्राटं घेणाऱ्या बाईला शोधक केलं. शोधक बाईची शाखा त्याहून मागं जाते. अॅना कॅथरीन ग्रीन यांची अमेलिया बटरवर्थ १८९७ मध्ये शेजारच्या घराच्या खिडकीकडं नजर लावून बसली होती. तिच्यानंतर ठळकपणे येतात त्या अगाथा ख्रिस्तींच्या मिस मार्पल. त्या १९२७ मध्ये एका कथेत आल्या आणि १९३० मध्ये ‘मर्डर अॅट द व्हिकरेज’ या कादंबरीत.

मार्पलबाईंची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. संशयित समोर आला की त्यांना आपल्या खेड्यातलं कुणीतरी आठवतं, सुट्ट्या पैशांत हात मारणारा पोऱ्या किंवा खोटं आजारपण काढणारी मोलकरीण. माणसांचे नमुने थोडेच असतात आणि ते सगळे एका खेड्यात पाहायला मिळतात, अशी त्यांची खात्री आहे. शेरलॉक होम्स राखेवरून तंबाखू ओळखतो, मार्पलबाई माणसावरून माणूस ओळखतात. ख्रिस्तींना विषं ठाऊक होती ती पहिल्या महायुद्धाच्या काळात टॉर्कीच्या दवाखान्यात औषधं देण्याचं काम केल्यामुळं. त्यांच्या कथांत विष इतकं का येतं, याचं उत्तर याच नोकरीत आहे. विष आवाज करत नाही, आणि ते चहाच्या कपातून घरात शिरतं.

कोझीचं कूळ सांगणारे बहुतेक जण इथंच थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. हॅनाचं बळ तिच्या बुद्धीपेक्षा तिच्या धंद्यात जास्त आहे. पोटासाठी रोज घराघराशी देवाणघेवाण करावी लागते, म्हणून प्रत्येक घराची नाडी हाती लागते. गल्लीत मेलेला दूधवालाही याच जातीचा माणूस. आणि असा माणूस शोधासाठी रीतसर नेमलेला पाहायचा असेल तर इंग्लंडच्या खेड्यात जायचं कारण नाही. साताऱ्याच्या डोंगरातल्या गावगाड्यात तो होता.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराचं वर्णन आहे. हे काम कुठं महाराकडं, कुठं मांगाकडं, खानदेशच्या बाजूला भिल्लाकडं, आणि सातारा-पुरंदरच्या डोंगरपट्ट्यात रामोशाकडं असे. त्यानं रात्री जागायचं, गावात कोण आलं आणि कोण गेलं ते टिपायचं, परक्यावर नजर ठेवायची, संशय आला तर पाटलाच्या कानावर घालायचं. गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक असणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. चोरी झाली तर चोर शोधायचा तोही त्यानंच.

याला हे जमतं कसं, याचं एल्फिन्स्टननं दिलेलं कारण मला फार मोलाचं वाटतं. एक तर लहानपणापासूनची न्याहाळण्याची सवय. दुसरं म्हणजे त्याच्या मोबदल्याची तऱ्हा. दर घरच्या धान्यात त्याचा थोडा वाटा असे. तो किती हे कळण्यासाठी त्याला सदा लक्ष ठेवावं लागे आणि तो गोळा करण्यासाठी सदा फिरावं लागे. म्हणजे खळ्यावर यंदा किती रास पडली, कुणाच्या घरात भांडण आहे, कोण एकाएकी हात सैल सोडून खर्च करतोय, हे सगळं त्याला स्वतःच्या भाकरीपायी कळत होतं. लेक ईडनच्या बेकरीचा पाया हाच आहे.

माग काढण्याची पद्धतही पक्की होती. चोरी उघडकीला आली की राखणदार पावलांवरून निघे. माग शिवेपर्यंत गेला आणि पलीकडच्या गावच्या राखणदाराची खात्री पटली, की याचं काम संपलं आणि त्याचं सुरू झालं. असा माग गावोगाव हातातून हातात जाई. ज्या गावात तो शेवटी पोचला ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार धरलं जाई. भरपाई आधी राखणदारानं द्यायची, त्याची ऐपत संपली की उरलेली गावावर बसायची. प्रत्यक्षात ही भरपाई दर वेळी वसूल होत नसे, हेही अहवालातच आहे. तरी ज्याला सगळं ठाऊक त्याच्याच मानेवर सगळा भार, ही व्यवस्था विसरता येत नाही.

पुढं इंग्रजी अमलात या माणसांचे हक्क गेले. रामोशांच्या उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच पेटलं. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं आणि पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनं १८३३ मध्ये रामोशांवर एक पुस्तक लिहिलं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, पुढं मुंबई इलाख्यातही तो लागू झाला, आणि राखणदारी ज्यांची पिढीजात होती अशा जातींच्याच माणसांना हजेरी द्यावी लागली. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी ज्यानं वाचली आहे त्याला त्या हजेरीची झळ ठाऊक आहे.

साताऱ्याकडून माग मिळाला, तर सांगलीकडून घरातला संशय मिळतो. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल तिथले. त्यांनी १८९३ च्या सुमारास ‘तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिलं आणि त्यालाच पुढं पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ केलं. ते १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं, देवल तेव्हा हयात नव्हते. मुळात मोलियेरचं १६६० मधलं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं १७६१ मधलं इंग्रजी नाटक, आणि त्यावरून हे. पण देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली, फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या, आणि नाटक इतकं आपलं झालं की त्याचं परकं मूळ सांगावं लागतं.

रहस्यकथेच्या अंगानं हे नाटक पाहणारे मला फारसे भेटले नाहीत. वास्तविक त्यात सगळा सरंजाम आहे. अश्विनशेठनं रेवतीला दिलेली तसबीर ती मूर्च्छित होते तेव्हा खाली पडते. कृत्तिका ती उचलते. कृत्तिकेच्या हातात परपुरुषाची तसबीर तिच्या नवऱ्याला, फाल्गुनरावाला दिसते. वस्तू खरी, तिचा प्रवास खरा, आणि प्रत्येक जण त्यातला आपल्या वाट्याचा तुकडा पाहून चुकीचा अर्थ लावतो. शेवटी सगळे समोरासमोर येतात आणि तसबीर कुणाच्या हातून कुणाकडं गेली याची साखळी जुळते. ख्रिस्तींच्या कादंबरीच्या अखेरीला दिवाणखान्यात जे होतं ते हेच. इथं प्रेत नाही एवढंच. आणि एक उणीव आहे: साखळी जुळवणारा कुणी तिऱ्हाईत या नाटकात नाही. फाल्गुनराव पाळत ठेवतो, माग काढतो, पण संशयानं आंधळा झालेला माणूस शोधक होऊ शकत नाही.

माग साताऱ्याचा, तसबीर सांगलीची. दोन्ही जुळून मराठीत गावातली रहस्यकथा रुजायला हवी होती. मराठी रहस्यकथेनं वाट मात्र मुंबईची धरली. गो. ना. दातारांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेश चढवला, त्यात भुयारं आणि राजवाडे आले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय, झुंजार, काळा पहाड मोटारीतून धावले, पिस्तूल घेऊन भिंतीवरून उतरले. ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं अशा हजारो लोकांना अर्नाळकरांनी वाचायला लावलं, हे ऋण मोठं आहे. पुढं सुहास शिरवळकरांचे नायकही शहरी आणि चपळच. ख्रिस्तींच्या कादंबऱ्या मधुकर तोरडमलांनी मराठीत आणल्या, तेव्हा मार्पलबाईंचं खेडं आपल्याला वाचायला मिळालं, पण ते इंग्लंडातलं. कराड, वाई, तासगाव, मिरज या गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि तिथला दुकानदार शोधक झालेला माझ्या वाचनात नाही.

बेकरीवाला तर इथं शोधक होण्याआधी बराच काळ वाळीतच होता. पावाला आणि बिस्किटाला विटाळ चिकटलेला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली गेली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळक होते. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठलं. चहा कोण प्यायलं, कुणी नुसता कप हाती धरला, बिस्किटाला कोण शिवलं, याची चौकशी शंकराचार्यांनी नेमलेल्या मंडळापुढं झाली आणि पुढं प्रायश्चित्तं झाली. बिस्किटाभोवती रचलेलं संशयाचं असं प्रकरण कुठल्या कोझी लेखकाला सुचलेलं नाही. त्यात उघड करणारा गोपाळराव स्वतःही तिथं होता, हे तर विशेष.

तो विटाळ दोन-तीन पिढ्यांत विरला. जिल्ह्याच्या गावांत भट्ट्या आल्या, कुणा मुसलमान कुटुंबाच्या, कुणा इराण्याच्या, अलीकडं हासनकडून आलेल्या अय्यंगारांच्या. पहाटे सायकलला पत्र्याची पेटी लावून पाववाला आळीतून जायचा. खारी, बटर, टोस्ट चहाबरोबर घराघरात आले. या सगळ्यात कथाकारासाठी सोन्यासारखी एक रीत आहे ती दिवाळीच्या आधीची: नानकटाई भाजून आणण्याची. घरून मैदा, पिठीसाखर आणि तूप न्यायचं, बेकरीत रांग लावायची, पीठ मळून घ्यायचं. ट्रे भट्टीत जातात, आणि तयार माल आपल्याच पत्र्याच्या डब्यात, वर नावाची चिठ्ठी चिकटवून घरी येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतही कित्येक घरं असं करत. विकतच्या पुड्यांनी ही रीत कमी केली, पण संपवली नाही.

त्या आठवड्यात बेकरीवाल्याच्या हाताखालून अर्ध्या गावाचं तूप जातं. कुणाचं घरचं कढवलेलं, कुणाचं वनस्पती, कुणी दोन्ही मिसळून आणलेलं, हे त्याला बोट लावताच कळतं. दर वर्षी पाच किलोचा ऐवज आणणारं घर यंदा दीड किलोवर आलं. ज्या दोन भावांचा डबा एकच असायचा त्यांच्या चिठ्ठ्या यंदा वेगळ्या. ज्या घरी मधुमेहामुळं साखर बंद होती तिथून पहिल्यापेक्षा जास्त साखर आली. मुलगी माहेरी आली आहे म्हणून एक घाणा वाढवलेला, पण ती दुकानात दिसलेली नाही. जुन्या राखणदाराला खळ्यावरच्या राशीतून जे कळे ते इथं चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांतून कळतं. आणि विष शोधायला टॉर्कीच्या दवाखान्यात जायची गरज नाही. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं घरोघरच्या कोपऱ्यात असतात.

अशी कादंबरी कुणी मराठीत लिहावी असं मला मनापासून वाटतं, पण लेक ईडनचा साचा जसाच्या तसा उचलून ती होणार नाही. हॅनाला तपासाचा दरवाजा बहिणीच्या नवऱ्यामुळं उघडा मिळतो आणि गाव तिला आपलं मानतं. आपल्याकडं ज्याला सगळ्या घरांचं ठाऊक, तो बहुधा त्या घरांच्या ओट्यावरच थांबवला गेलेला माणूस होता. राखणदाराला माग लागला नाही तर भरपाई त्याच्या माथी, आणि पुढं हजेरीही त्याच्याच जातीला. बेकरीवाला दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या भाषेचा असेल, तर घाण्यातलं काही खाऊन कुणी दगावल्यावर लोक पहिल्यांदा त्याच्याच भट्टीकडं वळतील. डबे उघडले जातील, चिठ्ठ्या तपासल्या जातील, ज्या बायका काल रांगेत त्याच्याशी बोलत होत्या त्या आज आपलं तूप त्याच्या हाती दिल्याचंच नाकारतील. त्याचं शोधकाचं काम तिथून सुरू होईल, स्वतःला सोडवण्यापासून. हॅनाच्या गोष्टीला या प्रकरणाची गरज पडली नाही. कराडच्या किंवा मिरजेच्या गोष्टीत ते पहिलंच असायला हवं.