गावाच्या नावाची नोट

अमेरिकेत १८६३ च्या कायद्यान्वये लहानशा गावातील बँकेलाही स्वतःच्या नावाची नोट चलनात आणता येई. मात्र त्यासाठी सरकारी रोखे केंद्रीय कोषागारात तारण ठेवावे लागत. नोटेवर बँकेचे व गावाचे नाव असे, खाली अध्यक्ष व कॅशियर यांच्या सह्या. १२,००० हून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या. १९३५ मध्ये ही पद्धत संपली आणि कोषागारात परत आलेल्या नोटा नष्ट झाल्या. म्हणजे जिने चलनाचे कर्तव्य पूर्ण केले ती नाहीशी झाली. कुणाच्या तरी पेटीत विसरलेली तेवढी उरली. म्हणूनच जाणता संग्राहक आकड्याआधी गाव वाचतो. नोट पाच डॉलरचीच असेल. पण त्या गावाचे नाव एके काळी पैसा म्हणून हातोहात फिरत होते, याचा तो हाती उरलेला पुरावा असतो.