पेवात राहणारी माणसं: सातारा-सांगलीच्या घरांतल्या ओलीचा इतिहास

 

आत येताना दारातच एका गृहस्थांनी मला अडवलं. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. घरातल्या ओलीवर काय बोलणार?" मी म्हटलं, अहो, तीस वर्षं न्यायदर्शन शिकवलं, कांट शिकवला, पण आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीनं जे शिकवलं ते यांच्यापैकी कुणी शिकवलं नाही. (हशा.) ती गोष्ट शेवटाकडे सांगतो. आधी इतिहास.

आपला सातारा-सांगलीचा पट्टा या विषयाला फार सोयीचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणीत तो निम्म्याहूनही कमी होतो. सातारा शहरात हजाराच्या आसपास. आणि पूर्वेला माण, आटपाडी, जतकडे गेलात की पाचशेच्या आगेमागे. एका दिवसाच्या एसटी प्रवासात दहापट फरक! म्हणजे घर कोरडं कसं ठेवायचं या एकाच प्रश्नाला इथल्या माणसांनी किती वेगवेगळी उत्तरं दिली, हे एका वाटेवर पाहता येतं. आपण ती वाट कृष्णेबरोबर चालू. उगम महाबळेश्वरला, म्हणून सुरुवातही तिथूनच.

१८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यात करार झाला. महाराजांना खंडाळा गाव मिळालं आणि महाबळेश्वरची जागा कंपनीकडे गेली. तिथं वसलेली पेठ ती माल्कमपेठ. साहेब उन्हाळ्यात वर यायचा, आणि पावसाळा तोंडावर आला की सामान बांधून खाली उतरायचा. ओलीवर साहेबाचं उत्तर हे, की निघून जावं. पण ज्यांचं घरच तिथं, ते कुठं जाणार? त्यांनी घरालाच रेनकोट घातला. कोळंब नावाचं उंच, राठ गवत असतं. मे महिन्यात त्याच्या झड्या बांधून त्या भिंतींवर बाहेरून लावायच्या. घरं जांभ्या दगडाची, आणि जांभा पाणी पितो. आडवा पाऊस झडीवर आपटतो, गवतावरून खाली घसरतो आणि भिंत कोरडी राहते. पावसाळा सरला की झड्या उतरवायच्या आणि भिंतींना ऊन खाऊ द्यायचं. दरवर्षी. हा "दरवर्षी" शब्द लक्षात ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

आत काय, तर चूल आणि शेगडी. इथं थोडं विज्ञान सांगतो. वीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा फार तर सतरा ग्रॅम वाफ धरू शकते. तीस अंशाची हवा धरते तीस ग्रॅम. म्हणजे हवा जितकी गरम, तितकी तिची झोळी मोठी. आपण जिला सापेक्ष आर्द्रता म्हणतो, ती ही झोळी किती भरली त्याची टक्केवारी. बाहेर वीस अंश आणि धुकं, म्हणजे शंभर टक्के. तीच हवा घरात येऊन पंचवीस अंशांपर्यंत तापली, तर तेवढीच वाफ असूनही आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर येते. बुरशीला ऐंशीच्या वरची ओल मनापासून आवडते. चूल हे काम रोज करत होती, आणि धूर धुराड्यातून वर जाताना घरातली वाफही ओढून नेत होता. आजीला यातलं गणित माहीत नव्हतं, पण पापडाचा डबा चुलीच्या वरच्या फळीवर असतो हे तिला पक्कं माहीत होतं. तिथं पापड सादळत नाहीत.

आता नदीची वाट थोडी सोडून पूर्वेला माणदेशात डोकावू. इथं छप्पर उतरतं नाही, सपाट, म्हणजे माळवद. तुळया, त्यावर किलच्या, वर मातीचा जाड थर. भिंती पांढऱ्या मातीच्या. जाड माती दमट दिवसात ओल शोषून घेते आणि कोरड्या दिवसात सोडून देते. छताला एक भोक, सवणं, उजेडाला आणि धुराला. पावसाआधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपायची, जमीन शेणानं सारवायची. इथं उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. हवाच इतकी कोरडी की अंगणात सडा, दाराला ओलं पोतं, कोपऱ्यात माठ. म्हणजे एकच घर चार महिने ओल बाहेर ठेवण्याचं आणि चार महिने ओल आत आणण्याचं काम करत होतं. पुढं तासगाव-कवठेमहांकाळच्या शेतकऱ्यांनी याच कोरड्या हवेवर बेदाण्याचा धंदा उभा केला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. बाकीचं पाणी हवा फुकट घेऊन जाते. आणि मार्चमध्ये एक अवकाळी सर आली की माणसाच्या तोंडचं पाणी पळतं.

आता परत कृष्णेवर. सांगलीला, आणि तिथून हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर. इथं हळदीची पेवं आहेत. तरुण मंडळींनी "पेव फुटलं" हा वाक्प्रचार ऐकलाय, पेव पाहिलं नसेल. जमिनीत पंधरा-वीस फूट, कधी त्याहून खोल खणलेला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. नदीच्या इतक्या जवळ असूनही इथली माती अशी, की आत ओल उतरत नाही. कडेनं पाचट, चटया लावायच्या, खडखडीत वाळलेली हळद भरायची आणि तोंड दगड-मातीनं बंद करायचं. आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडताना मात्र जपावं लागतं. आधी काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. घाई करणाऱ्यांचे त्यात जीव गेलेले आहेत.

तेव्हा मंडळी, आपल्या भागात ओलीविरुद्ध दोन शास्त्रं होती. एक घराचं: हवा वाहती ठेवा, भिंतीला श्वास घेऊ द्या, उष्णता द्या. दुसरं पेवाचं: आधी पूर्ण वाळवा, मग पूर्ण बंद करा. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं माणसांसाठी, दुसरं हळदीसाठी. यांची अदलाबदल झाली की काय होतं, तिकडे मी येतोय.

त्याआधी एक गोष्ट. हे सगळं कॅलेंडरमध्ये विणलेलं होतं. मृगाआधी आगोटीची तयारी: धान्याला कडक ऊन दाखवून कणगी लिंपायची, सरपण आत घ्यायचं. मृगानंतर आर्द्रा नक्षत्र. आर्द्र म्हणजेच ओलं. मग घट बसायच्या आधी घरातली सगळी वाकळं, गोधड्या, कपडे नदीवर. ही धुणावळ आपल्याकडं अजून चालते. आपण तिला नवरात्राची स्वच्छता म्हणतो. पण वेळ पाहा: पाऊस सरलेला, आश्विनाचं ऊन तापायला लागलेलं, आणि चार महिन्यांची ओल कापडात बसलेली. खंडेनवमीला शस्त्रं घासून-पुसून पुजायची तीही याच दिवसांत, कारण गंज चढायचा तो पावसाळ्यातच. वाग्भटानं अष्टांगहृदयात वर्षा ऋतूची चर्या सांगताना म्हटलंय की वरच्या मजल्यावर राहावं, जिथं जमिनीची वाफ, गारवा आणि पावसाचे तुषार पोचत नाहीत, आणि कपड्यांना धूप द्यावा. हा ग्रंथ हजार वर्षांहून जुना आहे. आपल्या उदाच्या धुरीचं नातं तिथपर्यंत पोचतं.

पोथ्यांचंही तसंच. लेखनिक पोथीच्या शेवटी एक विनंती लिहून ठेवत: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. तेल-पाणी कळतं, सैल बांधणी कशाला? तर दोन फळ्यांमध्ये पोथी घट्ट दाबून कापडात बांधली की पानांमध्ये दमट हवा शिरत नाही. हे छोटं पेवच झालं. आणि त्या कापडात वेखंड.

मग हे सुटलं कुठं? याचा दोष आपल्या आळसाला देऊन भागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी आपल्याच दगड-मातीच्या भिंतींखाली. ज्यानं ते पाहिलं, त्याला मातीच्या घराचं कौतुक सांगायला माझी जीभ रेटत नाही. चुलीच्या धुरानं आमच्या आयांचे डोळे आणि फुप्फुसं खराब केली, हेही खरंच आहे. लोकांना पक्कं घर हवं होतं, आणि ते हवं असणं योग्य होतं. १९८२ मध्ये सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण सैल झालं आणि गावोगाव सिमेंटच्या घरांचं पेव फुटलं. वाक्प्रचार इथं अगदी चपखल बसतो.

आता आमच्या भिंतीची गोष्ट. साताऱ्यातलं आमचं वडिलोपार्जित घर, दगड-मातीचं, आतून चुन्याचा गिलावा. १९८६ साली मी ते "पक्कं" करायला घेतलं. चुना काढून सिमेंटचा गिलावा केला, वर चकचकीत ऑइलपेंट. गॅस आला होता, म्हणून धुराडं बुजवलं. खिडक्या घट्ट बसवल्या. वडील म्हणाले, "अरे, भिंत घुसमटेल." मी हसलो. मी प्राध्यापक ना!

पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागला. दुसऱ्या वर्षी पोपडे. पायातून चढणारी ओल आधी चुन्यातून उडून जात होती. आता तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. ती भिंतीतच वर चढत राहिली. मी पोपडे खरवडून पुन्हा रंग दिला. वडिलांना दमा होता आणि त्यांची कॉट त्याच भिंतीला लागून होती. ते आणखी दोन पावसाळे जगले. रात्री त्यांचा खोकला ऐकू यायचा. ओलीनंच त्यांना नेलं असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण कॉट दुसऱ्या खोलीत हलवायला हवी होती, हे समजायला पुराव्याची गरज नव्हती. ते गेल्यावर कपाट हलवलं, तर मागं आजोबांच्या पोथ्यांचा गठ्ठा बुरशीनं विटेसारखा घट्ट झालेला. एक पान सुटलं नाही.

धूर आहे तिथं अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचं उदाहरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. स्वतःच्या घरातला धूर काय काम करत होता, हे मी तो बंद केल्यावर शिकलो.

तेव्हा आमच्या पिढीनं काय केलं? घट्ट खिडक्या, न श्वास घेणाऱ्या भिंती, म्हणजे पेव बांधलं. पण पेवात वाळलेली हळद जाते. आम्ही त्यात चार माणसं, कुकर, आंघोळ आणि दोरीवरचे ओले कपडे घेऊन राहायला गेलो. चौघांचं कुटुंब श्वास, स्वयंपाक, धुणं मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी घरातल्या हवेत सोडतं. ते जाणार कुठं?

सांगलीकरांना हे मी सांगायला नको. २००५ च्या पुरानं हरिपूरची कित्येक पेवं निकामी केली. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. पूर ओसरला की दिवाळीच्या आत घर रंगवायची घाई सगळीकडे दिसते. मनःस्थिती समजते, पुराची खूण डोळ्यांसमोर नको असते. पण आठवडाभर पाण्यात उभी राहिलेली भिंत वाळायला कित्येक महिने लागतात. ओल आत असताना वर ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफ थर देणं म्हणजे माझीच चूक पुन्हा करणं. सुटलेला गिलावा काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंखे लावा, एक उन्हाळा जाऊ द्या.

आणि रोजच्यासाठी? झड्या आणि चुली परत आणा असं मी म्हणत नाही. "दरवर्षी" हा शब्द परत आणा. मे महिन्यात गच्ची आणि पाइपांची गळती पाहा, कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, डाळी-मसाले वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ते तुमचं पेव. पावसाळ्यात कुकर लावताना आणि आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका, उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि धुकं आत येतंय असं दिसलं की मिटा. ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या आणि पुस्तकं बाहेर काढा. थंडीत सकाळी काचेवर पाणी दिसलं, तर रात्री खोली फार बंद होती असं समजा. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या मंडळींनी माठ, वाळ्याचा पडदा खुशाल लावावा. कूलर लावलात तर एक खिडकी उघडी असू द्या. काहीशे रुपयांत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. चाळीस ते साठ टक्के उत्तम. पावसाळ्यात सत्तरच्या खाली ठेवलंत तरी पुष्कळ.

एक चिठ्ठी आली आहे: "डिह्युमिडिफायर घ्यावा का?" जरूर घ्या, महाबळेश्वर-पाचगणीत तर उपयोग होईलच. पण ते यंत्र बंद खोलीतली हवा कोरडी करतं, भिंतीत चढणारं पाणी थांबवत नाही. आधी ओल कुठून येते ते शोधा. जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर सिमेंट असेल, तर चुन्याचं काम जाणणारा गवंडी गाठा. अजून काही शिल्लक आहेत.

आमच्या घराची ती भिंत मी नंतर पुन्हा चुन्याची करून घेतली. त्यासाठी आलेले वयस्कर गवंडी भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, हिला दोन उन्हाळे द्या." दिले. आता कोरडी आहे.

आणि घरी गेल्यावर आज एक करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची कॉट कुठल्या भिंतीला लागून आहे ते बघा, आणि त्या भिंतीवर हात ठेवून बघा.