बॉल दोन, पोरं चाळीस

आधी गुडघे वाकवून बघा. कटकट झाली नाही ना? म्हणजे पोचलात. पोट आत गेलंय, डोक्यावर भरघोस केस आहेत आणि हाफ पँटचं इलॅस्टिक सैल झाल्यामुळे तुम्ही ती एका हाताने वर ओढताय. साल १९९८, महिना मे, नुकतीच तुमची नववी संपलीय. पहाटेचे साडेपाच वाजलेत, तुम्ही बदलापुरात, कात्रपच्या रस्त्यावर उभे आहात आणि खिशात चाचपडताय. राहू द्या. मोबाइल नाही मिळणार तिथे. सुट्टे दोन रुपये आणि एक सेफ्टी पिन आहे, तेवढ्यावर भागवा.

आता नाकाने श्वास घ्या. रात्री एमआयडीसीतून सुटलेला उग्र वास अजून पुरता गेलेला नाही, घशाशी किंचित खवखवतो. त्याच्या खालून गोठ्याचा वास येतो, शेण आणि गवताचा. आणि त्याहून जवळचा, ओल्या सिमेंटचा. तुमची बिल्डिंग चार मजल्यांची, शेजारची अजून तीनच मजल्यांची. तिच्या स्लॅबवर पाणी मारायला वॉचमन आत्ताच पाइप घेऊन चढलाय. लांब कुणीतरी शेतात राब जाळलाय, त्याचा धूर जमिनीलगत रेंगाळतोय. रस्त्यावरची सगळी मोठी माणसं एकाच दिशेने, भराभर चालली आहेत: स्टेशनकडे. व्हीटी इथून ६८ किलोमीटर. नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झालंय, पण डब्यातलं कुणी अजून तसं म्हणत नाही. तुमचे बाबाही त्यांच्यातच आहेत. वर्षभरापूर्वी गिरणगावातली दहा बाय बाराची खोली विकून इथे वन रूम किचनचा ब्लॉक घेतला, त्याची किंमत ते दररोज असे चालत चुकवतात.

तुम्ही मात्र उलट्या दिशेने जायचंय. मैदानाकडे, फुटबॉलच्या शिबिराला.

मैदान म्हणजे काय, तर बिल्डर अजून न पोचलेलं भाताचं शेत. मधले बांध फोडून सपाट केलेत, तरी पळताना पायाला ते जाणवतात. जमिनीला भेगा, भेगांत मागच्या हंगामाचे धसकटाचे खुंट. चुन्याची फक्की मारून रेषा आखल्यात. त्या सरळ नाहीत, पण पांढऱ्या आहेत. एका बाजूचा गोल लोखंडी पाइपांचा. दुसऱ्या बाजूला नुसते दोन बांबू आणि वर क्रॉसबार म्हणून ताणलेली सुतळी. नेट कुठेच नाही. पूर्वेला डोंगरांची काळी रांग. सूर्य तिच्यामागे अडकलाय तोवर पळून घ्या. एकदा वर आला की तासाभरात ही जमीन तव्यासारखी तापते.

शिट्टी वाजली. तेच आपले सर. पन्नाशीचे, पोटऱ्या दगडी, ट्रॅक पँटच्या बाजूची पट्टी धुऊन धुऊन गुलाबी झालेली. एकेकाळी ते मुंबईत गिरणीच्या टीममध्ये खेळायचे. मफतलाल, टाटा, महिंद्र, सगळ्यांच्या टीम होत्या, पायात खेळ असला की नोकरी लागायची. मग गिरण्यांचा संप आला, आणि सर इकडे आले. त्याबद्दल ते बोलत नाहीत; तुम्हीही विचारू नका.

पहिला अर्धा तास बॉल दिसणार नाही, हे आत्ताच सांगतो. मैदानाला फेऱ्या, मग बेडूकउड्या, मग एका रेषेवरून दुसरीवर शटल. तिसऱ्या शटलला तोंडात लोखंडाची चव येते. कानशिलं ठणकतात. शेजारचा पोरगा उलटी करतो, तोंड पुसतो आणि परत रांगेत येऊन उभा राहतो. कुणी त्याच्याकडे बघतही नाही. तुम्ही ‘हायड्रेशन’ वगैरे म्हणायला तोंड उघडाल. मिटा. पाणी प्रॅक्टिस संपल्यावर, आणि तेही घोटघोट, पोटात दुखतं म्हणून. हे शास्त्र चुकीचं आहे, पण सरांना ते पटवणं तुमच्याच्याने होणार नाही.

आता बॉल. चाळीस पोरांत दोन. तिसरा आहे, नवा कॉस्को, पण तो सरांच्या रेक्झिनच्या बॅगेत, शेवटच्या दिवसाच्या मॅचसाठी राखून ठेवलेला. हे दोन जुने. एकाची शिवण उसवली म्हणून मोच्याकडून घालून आणलेले टाके बोटांना टोचतात. दुसऱ्यातली हवा रात्रीतून उतरते. तो पंप करायचं काम आज तुमच्याकडे: पिन आधी थुंकीने ओली करायची, मगच व्हॉल्व्हमध्ये घालायची, नाहीतर ब्लॅडर गेलं. दाबून बघा. अंगठा किंचित आत गेला पाहिजे.

रिंगणात उभे राहा. नियम सोपा आहे. ज्याला पास द्यायचा त्याचं नाव घ्यायचं, आणि ज्याला पास हवा त्याने ओरडायचं. सोपा वाटतो ना? पण तुम्हाला इथे कुणाचंच नाव माहीत नाही. हीच खरी कात्रपची गोष्ट आहे. बघा नीट. पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली, शर्ट खोचलेली पोरं तुमच्यासारखी, नव्या बिल्डिंगांतली. कुणी परळहून आलंय, कुणी डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीतून. ती एकमेकांनाही फारशी ओळखत नाहीत. गावठाणातली पोरं अनवाणी, त्यांच्या टाचांना भेगा आहेत आणि या जमिनीचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ आहे. कशी नसणार, दोघांच्या तर आज्याचंच हे शेत. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतले चौघे लोकलने येतात. त्यांच्या पायात खरे स्टड आहेत, आणि चालताना ते मुद्दाम आवाज करतात. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली दोन सिंधी पोरं, डब्यात दाल पकवान आणणारी. आणि डोंगराकडच्या पाड्यावरून चालत येणारा एक काटकुळा पोरगा. तो कुणाशीच बोलत नाही आणि सगळ्यांत जोरात पळतो.

बॉल फिरतोय, पण तुमच्याकडे येत नाही. गाववाले गाववाल्यांना देतात, स्टडवाले स्टडवाल्यांना. तुम्ही हात वर करून सभ्यपणे उभे आहात, वर्गात उत्तर येतंय म्हणून करतात तसा. कुणी बघत नाही. सरांचा आवाज येतो, “ए चष्मा! तोंड आहे का? मुका आहेस का?” ओरडा. नाही, एवढ्याने नाही. ‘इकडे दे’ हे घरात भाजी मागतानाच्या सुरात म्हणून चालत नाही. पोटातून आलं पाहिजे. “येऽऽ, दे रे!” बघा, आला. सरळ नडगीवर आला, पण आला.

नडगीचं दुखणं ओसरेपर्यंत बाजूला बसा. शिनगार्ड नसतात कुणाकडे. जुन्या मासिकांची जाड पानं सॉक्समध्ये कोंबायची युक्ती उद्यापासून वापरा. गुडघा मात्र सोलवटलाय, खडी आत गेलीय. सर ती काडीने उकरून काढतात आणि वर जांभळं औषध लावतात. झोंबतं. मुळीच हुं की चूं करू नका, पाड्यावरचा पोरगा बघतोय. त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर तसेच जांभळे डाग आहेत. तो हसतो. हीच त्याच्याशी तुमची ओळख.

साडेआठला सुट्टी. भिजवलेले चणे, गुळाचा खडा, आणि हातात पडेपर्यंत काळं पडलेलं केळं. एवढं गोड केळं तुम्ही पुढे पंचवीस वर्षांत खाल्लेलं नाही. घरी जाताना वाटेत टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून करवंदं घ्या, पानाच्या द्रोणात. जांभळं अजून दहा-पंधरा दिवसांनी. बदलापूरचं जांभूळ पहिल्या पावसाच्या तोंडावर खरं पिकतं. करवंदाचा चीक ओठांना चिकटतो, घरी गेल्यावर आई विचारते, आणि तुम्ही खोटं बोलता.

दुपार मी फार सांगत नाही. गरम होतं. फरशीवर उघड्या अंगाने झोपायचं, कूस बदलली की नवी थंड फरशी. कोकीळ वेड लागल्यागत ओरडतो. आठ आण्याची पेप्सी, म्हणजे ती प्लॅस्टिकच्या नळीतली, दातांनी फोडायची.

पाचला परत मैदानावर. आता अडचण निराळी आहे: क्रिकेट. महिन्याभरापूर्वी सचिनने शारजात दोन शतकं ठोकलीत, दुसरं तर स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, आणि तेव्हापासून बदलापुरातला प्रत्येक प्राणी पुढे येऊन सिक्सर मारतोय. मैदानाच्या अर्ध्या भागात तीन मॅच एकमेकींत घुसून चालल्यात. टेनिस बॉल तुमच्या पायात येतात. ते सगळे तुम्हाला बघून हसतात, कारण एका बॉलमागे धावणारी वीस माणसं बघायला मजेशीरच असतात. मुली बाल्कनीतून, गॅलरीतून बघतात. त्यांना शिबिराला या म्हणून कुणी विचारलेलंच नाही. त्यात वावगं आहे असं इथे कुणाच्या मनातही येत नाही. तुमच्या येईल. सरांना विचारून बघा, ते क्षणभर थांबतील, डोकं खाजवतील आणि म्हणतील, “चल, हेडिंगला उभा राहा.”

हेडिंग कुणालाच आवडत नाही. जुना बॉल कपाळावर आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि कपाळावर षटकोन उमटतो. पण पुढच्याच महिन्यात फ्रान्सला वर्ल्ड कप आहे. रात्री नऊला एक मॅच आणि साडेबाराला दुसरी, त्यासाठी केबलवाल्याला आत्तापासून मस्का लावणं सुरू आहे. झाडून सगळी पोरं ब्राझीलची. सगळ्यांना रोनाल्डो व्हायचंय, एकाने तर त्याच्यासारखा गोटाही केलाय. तुम्हाला ठाऊक आहे की फायनलमध्ये झिदान दोन गोल मारणार, दोन्ही डोक्याने, आणि ब्राझील तीन-शून्यने हरणार. पैज लावायचा मोह होईल. एखाद्या वडापावाची लावा हवी तर, त्याहून जास्त नको. या वयात मैत्र्या पैजांवरून तुटतात.

सहा वाजून गेले की रुळांकडून लांबलचक भोंगा येतो, डेक्कन क्वीन पुण्याकडे निघालेली. सर तोच इशारा समजून सगळ्यांना खाली बसवतात. ही थिअरी. मातीत खडे मांडून ऑफसाइड. चारदा समजावतात; चारदा तुम्ही मान डोलावता. मग बॅक-पास: आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम दिलेला बॉल गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. हा नियम १९९२ चा, पण सरांना तो अजून पचलेला नाही, आणि गावठाणातल्या पोरांनी तर ऐकलेलाही नाही. त्यावरून जुंपते. मग सर कूपरेजच्या गोष्टी काढतात. रोव्हर्स कपसाठी हाफ डे टाकून पळत जायचे त्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, ते. “तीन!” सर तीन बोटं वर करतात. त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये आपली बरीचशी टीम अनवाणी खेळली, फ्रान्सशी, आणि दोन पेनल्ट्या हुकवून दोन-एकने हरली. अनवाणी म्हटल्यावर गाववाली पोरं ताठ बसतात. स्टडवाले पाय आत ओढून घेतात.

आणि मग सुब्रतो. सुब्रतो कप, शाळांचा, दिल्लीला. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, एवढं सगळं जिंकत गेलं तर. सर हे सांगताना आवाज खाली आणतात. तुम्ही मनातल्या मनात बॅग भरता. तालुक्याला पहिल्याच फेरीत काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. सांगू नका.

तर शेवटचा दिवस. बॅग उघडली, नवा कॉस्को बाहेर आला. त्याचा वास घ्यायला रांग लागते, खरंच; रबर, गोंद, दुकान. पोरांनी आपणच टीम पाडल्यात, बिल्डिंग विरुद्ध गाव. सर दोन्हीकडची माणसं मोजल्यासारखी करतात आणि एक आड एक अशी अदलाबदल करून टाकतात. कुरकुर होते. तुमच्या टीममध्ये आता दोन अनवाणी, एक स्टड आणि पाड्यावरचा तो. तुम्ही राइट बॅक, कारण दुसरीकडे कुठे उभं करावं हे सरांना सुचलेलं नाही.

धूळ इतकी उडते की थुंकी लाल येते. क्रिकेटवाले आपापले डाव थांबवून रेषेवर उभे राहिलेत. आई गॅलरीत आहे, तिला कळत नाहीये नक्की कुणाला गोल मारायचा आहे. एक-एक. संध्याकाळ कलली. पाड्यावरचा पोरगा डावीकडून सुटलाय, तिघांना चुकवून आत आलाय. तुम्ही, तुमची जागा सोडून, का कोण जाणे, पार पुढे आलात. समोर बांबूंचा गोल. आणि तुमच्याच पोटातून आवाज निघतो: “येऽऽ, दे रे!”

तो देतो. तुम्ही डोळे मिटून हाणता.

बॉल गेला. गोलकीपरच्या बोटांवरून, सुतळीच्या जवळून, थेट अर्धवट बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीत. डुबुक! वॉचमन शिव्या देत पाइप फेकतो. इकडे गावातला हाफ गळ्याला चिमटा लावून सांगतोय, “सुतळीच्या खालनं गेला, आईशप्पथ!” सिंधी गोलकीपर दोन्ही हात वर करून, “ऊपर से गया, सर, पूरा ऊपर से!” सुतळी अजून हलतेय, त्याचाही अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने लावलाय. सरांना उन्हात दिसलं नाही. ते शिट्टी तोंडातून काढतात आणि तुमच्याकडे वळतात. “ए चष्मा, तू मारलास. तू सांग. वरून की खालून?”

बोला लवकर. तुमचे डोळे मिटलेले होते हे त्यांना माहीत नाही, आणि नवा बॉल अजून टाकीतच आहे.