डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : कारखाना आणि घर



गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळचे लिलाव आटोपले आणि गाळ्यापुढच्या गाड्या रिकाम्या झाल्या, की अडत्याला चहापुरती उसंत मिळते. अशाच वेळी आमच्या ओळखीच्या एका व्यापारी गृहस्थांनी शेतकऱ्याची पट्टी लिहिता लिहिता मान वर केली आणि आपली अडचण सांगितली. मुलगा बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाला होता आणि केमिकल इंजिनिअरिंगला जायचे म्हणत होता. फीची चिंता नव्हती. चिंता निराळीच होती. “हे कारखानेवाले घरचे राहत नाहीत हो. आज दहेज, उद्या आखात. रात्रपाळी करणारा मुलगा आई-बापाचा राहील का?”

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हीच शंका असते, फक्त ती बोलून दाखवली जात नाही. त्या दिवशी मी त्यांना ज्या गृहस्थाची हकीकत सांगितली, तीच येथे लिहीत आहे. गृहस्थ म्हणजे मुंबईच्या ‘सिप्ला’ या औषध कारखान्याचे संस्थापक मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद.

एक खुलासा आधीच केलेला बरा. हमीद साहेबांची पदवी इंजिनिअरची नव्हती, ते रसायनशास्त्राचे डॉक्टर होते. पण त्यांच्या हयातीतले मोठे काम झाले ते रासायनिक अभियंत्याच्या प्रांतात. हा प्रांत कोणता, हे आपल्या घरातल्याच उदाहरणाने कळेल. घरी किलोभर तांदळाची बिर्याणी उत्तम करणारी आपली बहीण वलीम्याच्या देगेपुढे उभी राहिली की गांगरते. किलोचे प्रमाण चाळीसने गुणले म्हणून देग उतरत नाही. तळाशी लागते, वर कच्चे राहते, मधल्या थराला वाफ पोहोचत नाही. औषधाचेही तसेच आहे. काचेच्या चंबूत साधलेली क्रिया मोठ्या पात्रात न्यायची म्हणजे उष्णता कशी काढून घ्यायची, ढवळायचे किती, शुद्ध कसे करायचे आणि एवढे सगळे करून खर्च कसा आवाक्यात ठेवायचा, हे सारे नव्याने सोडवावे लागते. पराधीन भारतात नेमके हेच येत नव्हते. औषधे बाटलीत भरण्याचे कारखाने निघत, पण मूळ द्रव्य बोटीने यायचे.

हमीद साहेबांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 रोजी अलीगढ येथे झाला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवली आणि 1920 मध्ये अलीगढलाच निघालेल्या जामिया मिल्लियाच्या कामात ते पडले. पुढे उच्च शिक्षणासाठी इंग्लंडकडे निघालेला हा तरुण पोहोचला मात्र जर्मनीला. रसायनशास्त्राची त्या वेळची पंढरी तीच होती. डॉ. झाकिर हुसेनही त्याच सुमारास बर्लिनमध्ये शिकत होते. 1927 मध्ये हमीद साहेबांना बर्लिनची डॉक्टरेट मिळाली.

आणि तेथेच त्यांचे घर उभे राहिले. लुबा दर्चान्स्का ही पूर्व युरोपातून शिकायला आलेली ज्यू तरुणी. दोघांची गाठ बर्लिनजवळच्या सरोवरावरील एका सहलीत पडली आणि 1928 मध्ये बर्लिनच्या मशिदीत त्यांचा विवाह झाला. कोठे अलीगढ आणि कोठे व्हिल्ना! असा संसार चार दिवस टिकणार नाही असे म्हणणारे दोन्हीकडे असतीलच. तो अखेरपर्यंत टिकला.

1935 मध्ये मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी निघाली. नावाच्या आद्याक्षरांवरून झाले सिप्ला. 1937 मध्ये तिची औषधे बाजारात येऊ लागली. कंपनी नुकती उभी राहत होती, पैशाची ओढाताण होती, तरी 1936 मध्ये लुबाबाई माहेरच्या माणसांना भेटायला व्हिल्नाला गेल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. ते शहर तेव्हा पोलंडमध्ये होते, आज ते लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस आहे. तेथेच 25 जुलै रोजी थोरले चिरंजीव यूसुफ यांचा जन्म झाला. पुढे पाच वर्षांतच नाझी सैन्य त्या शहरात शिरले आणि तेथील बहुसंख्य ज्यू समाज ठार मारला गेला. मुंबईच्या घरात ईदही होती आणि हे दुःखही होते.

4 जुलै 1939 रोजी महात्मा गांधी सिप्ला पाहायला आले. दोन महिन्यांनी महायुद्ध पेटले, युरोपातून येणारी औषधे अडली आणि देशात औषधे करण्याची निकड सर्वांनाच कळून चुकली. हमीद साहेब 1937 ते 1962 अशी पंचवीस वर्षे मुंबईच्या विधिमंडळात होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या नियामक मंडळावरही त्यांनी काम केले. याच परिषदेची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 मध्ये आपल्या पुण्यात पाषाणला सुरू झाली. फाळणी त्यांना मान्य नव्हती. ते येथेच राहिले, कारखानाही येथेच राहिला.

पण मला स्वतःला या मानसन्मानांपेक्षा 1960 सालची एक साधी गोष्ट मोठी वाटते. यूसुफ यांना वडिलांनी रसायनशास्त्रासाठी केंब्रिजला पाठवले होते. तेथे नोबेल पारितोषिक विजेते लॉर्ड टॉड यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून मुलगा परत आला. बापाचीच कंपनी, म्हणजे साहेबाची खुर्ची तयारच असणार, असे आपण समजू. पण संचालकाच्या नातेवाइकाला नोकरीवर घ्यायला सरकारची मंजुरी लागत असे. ती यायला सुमारे वर्ष गेले आणि त्या वर्षात केंब्रिजच्या या डॉक्टरने बिनपगारी काम केले. मार्केट यार्डात बापाच्या गाळ्यावर पहिले वर्ष पोती मोजणाऱ्या मुलांना यात नवल वाटणार नाही.

बाप-लेकांनी मिळून धरलेला एक विषय होता पेटंटचा. 1911 च्या इंग्रजी कायद्याने औषधावरच मक्तेदारी मिळे. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध कोणी केले तरी ते पेटंटचे उल्लंघन. हा कायदा बदलावा म्हणून हमीद साहेब झटले, यूसुफही झटले. 1970 मध्ये नवा कायदा झाला. औषधाच्या बाबतीत पेटंट फक्त कृतीला, पदार्थाला नाही. तो अंमलात आला एप्रिल 1972 मध्ये. हमीद साहेब 23 जून 1972 रोजी अल्लाला प्यारे झाले. जेमतेम दोन महिने त्यांनी तो कायदा पाहिला.

त्याचे फळ पुढच्या पिढीच्या हातून मिळाले. एड्सवरील एझेडटी हे औषध भारतात करण्याची पद्धत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी बसवली. हे गृहस्थ पाषाणच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम करून मग हैदराबादला गेलेले. 1993 मध्ये सिप्लाने ते औषध बाजारात आणले. परदेशापेक्षा पुष्कळ स्वस्त, तरीही ते गरिबाच्या आवाक्याबाहेरच राहिले. यूसुफ यांनी नाद सोडला नाही. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला पाश्चात्त्य देशांत माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाने तोच उपचार ‘सीमारहित डॉक्टर’ या संस्थेला 350 डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरहूनही कमी! आफ्रिकेतील उपचाराचे चित्र त्यानंतर बदलत गेले. 2005 मध्ये आपला पेटंट कायदा जागतिक व्यापार कराराप्रमाणे पुन्हा बदलला, आणि नव्या औषधांसाठी ती जुनी वाट अरुंद झाली.

ही सारी हकीकत मी त्या गाळ्यावर सांगितली तेव्हा चहा केव्हाच गार झाला होता. गृहस्थांनी एकच विचारले, “पुण्यात त्यांचे काही आहे का?” आहे. वारज्याला 1997 पासून सिप्लाचे एक केंद्र आहे. कर्करोगाच्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी तेथे उपचार होतात आणि त्याचे पैसे घेतले जात नाहीत. घरचे माणूस रुग्णाजवळ राहू शकते. मुलाला घेऊन एकदा पाहून या, असे मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी गाळ्यावर दिवाणजी एकटेच बसले होते. शेठ कोठे गेले म्हणून विचारले, तर म्हणाले, “मुलाला घेऊन सकाळीच वारज्याला गेलेत. येताना कॉलेजचा फॉर्मही आणणार आहेत.”