सात वार, सात घरं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून किंवा घाटावरच्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलाला शाळेत नाव घालण्याइतकंच महत्त्वाचं आणखी एक काम असे. त्याला वार लावायचे असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात दिवस भरले की पोटाची चिंता मिटली. गावाकडच्या कुणाची तरी चिठ्ठी किंवा लांबचं नातं एवढ्या भांडवलावर मूल सदाशिव-नारायण पेठेतल्या वाड्यांचे जिने चढे आणि घरातल्या बाईला विचारी, "आपल्याकडे वार मिळेल का?"

सगळे वार भरतच असं नाही. एखादा मोकळा राहिला की झोळी घेऊन माधुकरी मागायची, नाहीतर चुरमुऱ्यांवर भागवायचं. यजमानांकडे सुतक आलं, घर गावाला गेलं, की वार बुडाला. एकादशीला घराला उपास, म्हणून त्यालाही उपास. बदल्यात पैसे नसत, पण देवाची पूजा, बाजारातून भाजी, धाकट्यांची पाढ्यांची उजळणी अशी बारीकसारीक कामं अंगावर येत. कुठे त्याच्या भातावर घरच्या मुलाइतकंच तूप पडे. कुठे तो पानावर बसला की ताकात पाणी वाढे. आपण कुठल्या घरात काय आहोत, हे मुलाला पहिल्या वाढीतच कळे.

या चालीचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र सहसा सांगायची राहते. ही दारं बहुतेक ब्राह्मण मुलांसाठीच उघडत. पंगत सोवळ्यातली, शेतकऱ्याच्या किंवा महाराच्या मुलाला तिथे वार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वाढणाऱ्या बाईची माया खरी होती, पण ती जातीच्या उंबरठ्याबाहेर जात नव्हती. पुण्यात 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच पुढे पुणे विद्यार्थी गृह झालं. गरीब मुलांना तिथे आसरा मिळाला. उंबरठ्याचा प्रश्न मात्र दुसरीकडे सुटायचा होता.

त्याला पहिला मोठा हात घातला कोल्हापूरने. शाहू महाराजांच्या पाठबळाने 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं. खेड्यातल्या मुलाला आता दारोदार विचारत फिरावं लागत नव्हतं. तरी ताटं वेगवेगळ्या छपरांखालीच होती. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आला आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्याने नकार दिला. बोर्डिंग त्याला सोडावं लागलं.

याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह सुरू केलं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. पण रोजची चूल पेटवण्याचं काम नामकरणाने होत नाही. ते भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी केलं. त्या कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या, तरी सगळ्या जातींच्या मुलांना त्यांनी आपल्या हाताने जेवू घातलं. कोठीतलं धान्य संपलं तेव्हा एकेक दागिना गेला, शेवटी मंगळसूत्रही. 1930 मध्ये त्या वारल्या. भाऊरावांच्या कामाचा मोठेपणा सांगताना लक्ष्मीबाईंचं नाव दुसऱ्या वाक्यात येतं. ते पहिल्यात यायला हवं.

वार मागे पडत गेले. खाणावळी, वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या आल्या. पुण्यात 1955 मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली आणि खेड्यांतल्या मुलांची राहण्याजेवणाची सोय हे कायमचं काम झालं.

संस्थांची दफ्तरं असतात, देणगीदारांच्या पाट्या असतात. वार देणाऱ्या घरांची नोंद मात्र जेवणाऱ्यांच्या आठवणींतच राहिली. आजोबा-पणजोबा वार लावून शिकले असं ज्यांच्या घरात बोललं जातं, त्यांनी ती घरं, वाडे, गल्ल्या आणि वाढणाऱ्या बायकांची नावं आठवतील तेवढी लिहून ठेवावीत. कुणाला वार मिळाला नाही, तेही लिहावं.